रात्री ‘उकडतंय’ म्हणून उठून बसणाऱ्या काकू : हार्ट फेल्युअरची सुरुवात कशी हुकते, याचं एक प्रकरण

वय ५७. राहणार लालबागच्या चाळीत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरून पोळ्या लाटून देण्याचा व्यवसाय. मधुमेह चौदा वर्षांचा, बीपी दहा वर्षांचं. दिवाळी सरल्यावर दोनच दिवसांनी सून आणि मुलगा त्यांना टॅक्सीत घालून घेऊन आले, तेव्हा त्यांना सलग चार शब्द बोलता येत नव्हते. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त पुढे जातं ते) ३२ टक्के निघालं.

ही हकीकत एकाच बाईंची नाही. मध्य मुंबईत अशा ज्या अनेक जणी दवाखान्याची पायरी चढतात, त्यांच्या कहाण्या मी इथे एका काकूंमध्ये गुंफल्या आहेत, म्हणजे कुणाची ओळख पटणार नाही. आजार चालतो तो मात्र असाच.

या प्रकरणात लिहून ठेवण्यासारखं काय, तर आजार पाच महिने घरात होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, आणि तरीही ‘मला धाप लागते’ हे वाक्य काकूंच्या तोंडून एकदाही आलं नाही. कारण ज्या ज्या कामाने धाप लागली असती, ते प्रत्येक काम त्यांनी आधीच सोडून दिलं होतं. दादरच्या भाजी मार्केटला जाणं सोडलं, कारण ‘पुलावर गर्दी फार’. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागल्या, पण तिथे त्यांची जुनी शेजारीण राहते, तेव्हा दोघींच्या गप्पा चालल्यात असंच सगळ्यांना वाटायचं. तक्रार नसली की आजार नाही असं घरचे धरून चालतात, आणि बऱ्याचदा डॉक्टरही.

जून ते दिवाळी

हा घटनाक्रम सुनेने सांगितला. काकूंना विचारलं असतं तर ‘काही नव्हतं हो, परवापासूनच झालं’ एवढंच मिळालं असतं.

जूनमध्ये काकूंनी बाजारहाट सुनेवर सोपवला. त्याच महिन्यात शुगरच्या तपासणीच्या वेळी वजन ६१ किलो नोंदलेलं आहे. हा आकडा पुढे फार उपयोगी पडला. जुलैत पोळ्यांच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. पूर्वी त्या खाली बसून मोठ्या परातीत कणीक मळायच्या. आता ओट्याशी उभं राहून थोडी थोडी मळू लागल्या. वाकलं की ‘छातीत भरून आल्यासारखं’ व्हायचं. लादी पुसताना, खालच्या कप्प्यातलं भांडं काढताना, पायातली जोडवी सारखी करताना तेच. काकूंनी याचं खापर वाढलेल्या पोटावर फोडलं. वाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत दम कोंडणं हे हार्ट फेल्युअरचं एक वेगळं लक्षण म्हणून डॅलसच्या डॉक्टरांनी २०१४ साली मांडलं आहे. वाकल्यावर हृदयातला दाब आणखी वाढतो, आणि तो मुळातच वाढलेला असेल तर धाप जाणवते. आपल्याकडे बायकांचं निम्मं घरकाम वाकूनच होतं, त्यामुळे हा प्रश्न आपण तर आवर्जून विचारायला हवा.

गणपतीत मोदक वळायला सून बसली. काकू खुर्चीत बसून ‘पारी पातळ कर’ वगैरे सांगत होत्या. पाहुण्यांना त्यात वावगं वाटलं नाही, उलट ‘आता सुनेच्या हाती कारभार दिलास, बरं केलंस’ म्हणून कौतुक झालं. याच सुमारास रात्रीचा कोरडा खोकला सुरू झाला. मेडिकलमधून खोकल्याची बाटली आली, मग दुसरी आली. दिवसा खोकला नाही, कफ नाही, ताप नाही. आडवं झालं की तासाभरात सुरू, उठून बसलं की कमी.

नवरात्रात भूक मेली. ‘दोन घासांत पोट गच्च होतं’ म्हणायच्या. गुडघे दुखत होते म्हणून डायक्लोफेनॅकची गोळी जवळजवळ रोज चालू होती. संध्याकाळी पावलं सुजायची, चपलेचा पट्टा रुतायचा, सकाळी सूज बरीच उतरलेली असायची. त्यासाठी त्या एका डॉक्टरांकडे जाऊन आल्या. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू होती, आणि तिने पाय सुजतात हे खरंच आहे, तेव्हा ‘गोळीमुळे आहे’ हे उत्तर मिळालं.

मग ऑक्टोबर. मुंबईचा ऑक्टोबर म्हणजे घामाच्या धारा, तेव्हा काकू रात्री दोनच्या सुमारास उठून गॅलरीत स्टूल टाकून बसतात याचं नवल कुणाला वाटणार? ‘उकडतंय गं, तू झोप.’ उशी एकाची दोन झाली, मग गादी भिंतीला लावली आणि भिंतीला टेकून झोप सुरू झाली. रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठणं, तेही गॅलरीच्या टोकाच्या सार्वजनिक संडासापर्यंत. हे शुगरच्या खात्यात जमा झालं.

दिवाळीत फराळ केला नाही, पण खाल्ला. चिवडा, चकली, शेव, जेवणात लोणचं-पापड. आठवड्याभरात सूज नडगीपर्यंत चढली, आणि भाऊबीजेनंतरची रात्र काकूंनी पूर्ण बसून काढली.

तपासणीत काय दिसलं

नाडी मिनिटाला १०४, बीपी १४६/९२, श्वास २६, बोटावरचा ऑक्सिजन ९२. पाठ टेकवून अर्धवट झोपवलं तर मानेची शीर कानाच्या पाळीजवळपर्यंत फुगलेली. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी बारीक चरचर. नडगीवर अंगठा दाबून उचलला तर खड्डा तसाच राहत होता. वजन ६६.४ किलो, म्हणजे जूनपेक्षा जवळजवळ साडेपाच किलोने जास्त. आणि दंड मात्र सैल पडलेले, गालफडं बसलेली. घरच्यांना त्या ‘वाळल्यासारख्या’ दिसत होत्या, आणि काटा उलटं सांगत होता. दोन्ही खरं होतं. स्नायू झिजत होते आणि त्यांच्या जागी पाणी साठत होतं.

ईसीजीत हृदयाच्या पुढच्या भागाला पूर्वी येऊन गेलेल्या झटक्याच्या खुणा होत्या. केव्हा आला असेल? मुलाला आठवलं : दोन वर्षांपूर्वी एका रात्री आईला खूप घाम आला होता, ‘गॅस’ झाला होता, फ्रूट सॉल्ट घेऊन पहाटेपर्यंत बरं वाटलं. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात आणि हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊन जाऊ शकतो. त्या रात्री स्नायूचा जो भाग मेला, त्याचं काम उरलेलं हृदय दोन वर्षं करत राहिलं आणि शेवटी थकलं.

एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी ३,८४० आली. हृदयाच्या भिंतींवर ताण पडला की हे रसायन रक्तात वाढतं. बाह्यरुग्ण विभागात आलेल्या माणसात ते १२५ च्या खाली असेल तर धापेचं कारण हृदय असण्याची शक्यता फार कमी धरतात. वय जास्त असेल, मूत्रपिंडं कमजोर असतील किंवा नाडी अनियमित असेल तर आकडा वाढतो. लठ्ठ माणसात मात्र तो फसवा कमी येतो. हिमोग्लोबिन ९.८ आणि शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला. हार्ट फेल्युअरमध्ये लोहाची कमतरता अतिशय सामान्य आहे आणि ती थकव्यात आपली भर घालते, म्हणून ती तपासायचीच.

पाणी येतं कुठून

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलणं हृदयाला जमत नाही, किंवा जमतं पण आतला दाब फार वाढवून जमतं. मोठ्या पावसात मुंबईच्या सखल हिंदमाता भागात पाणी पुढे खेचलं गेलं नाही की ते मागे रस्त्यावर तुंबतं, तसंच इथे रक्त मागे तुंबतं. डाव्या बाजूने मागे तुंबलं की फुप्फुसांत ओल शिरते : धाप, खोकला. उजव्या बाजूने तुंबलं की पाय, यकृत, आतडी : सूज, दोन घासांत भरणारं पोट. शिवाय मूत्रपिंडांना रक्त कमी पोचतं, तेव्हा त्यांना शरीरात पाणी कमी झाल्यासारखं वाटतं आणि ती मीठ-पाणी धरून ठेवतात. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या या धरून ठेवण्याला हातभार लावतात.

हे कळलं की काकूंच्या रात्रीचा उलगडा होतो. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर परत रक्तात येतं. ते फुप्फुसांत गेलं की झोप लागल्यावर तासा-दोन तासांनी घुसमटून जाग येते, उठून बसल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी बरं वाटतं. तेच पाणी मूत्रपिंडांकडे गेलं की लघवी होते. उशा वाढणं, खोकला, गॅलरीतलं स्टूल आणि रात्रीच्या फेऱ्या या चार गोष्टींमागे एकच कारण होतं.

हुकलं कुठे

कुणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. प्रत्येक लक्षणाला मिळालेलं उत्तर वेगवेगळं पाहिलं तर पटण्यासारखंच होतं. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात. शुगर वाढली की लघवी वाढते. ऑक्टोबरात उकडतं. पण अ‍ॅम्लोडिपिनची सूज पायांपुरती राहते. तिने उशा वाढत नाहीत, मानेची शीर फुगत नाही, वजन पाच किलोने चढत नाही. उकाड्याने जाग आलेला माणूस पंखा वाढवून कूस बदलतो. त्याला उठून बसावंच लागत असेल तर ते उकडणं नाही. काकूंची सूज एकाने पाहिली, खोकल्याचं औषध दुसऱ्याने दिलं, गुडघ्याची गोळी तिसरीकडून आली, आणि हे सगळं एका कागदावर कधी आलंच नाही.

आम्हा डॉक्टरांच्या मोजमापातही एक फट आहे. हार्ट फेल्युअरची तीव्रता सांगायला न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनच्या चार श्रेणी वापरतात, त्यांचं मूळ १९२८ चं. नेहमीच्या कामाने त्रास होत नाही ती पहिली, बसल्या जागीही होतो ती चौथी. पण ‘नेहमीचं काम’ म्हणजे कोणतं? जूनच्या आधी काकूंचं नेहमीचं काम म्हणजे शंभर पोळ्या, दादरची फेरी आणि तीन मजले होतं. ऑक्टोबरात ते चहा करणं आणि टीव्ही पाहणं एवढ्यावर आलं. दोन्ही वेळा ‘रोजच्या कामाला त्रास होतो का?’ असं विचारलं असतं तर ‘नाही’ हेच उत्तर आलं असतं, आणि काकू खोटंही बोलल्या नसत्या.

म्हणून मला वाटतं, ‘धाप लागते का?’ हा प्रश्न एकट्याने पुरत नाही. ‘सहा महिन्यांपूर्वी काय करत होतात, जे आता करत नाही?’ हे विचारायला हवं, आणि ते घरातल्या दुसऱ्या माणसालाही विचारायला हवं. मुंबईत यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. रेल्वेचा पूल एका दमात चढता येतो का, की आता मधे थांबून मोबाईल काढावा लागतो? मजले चढताना कुठल्या मजल्यावर थांबता? उशा किती? रात्री उठून बसावं लागतं का? जोडवी, अंगठी, चपलेचा पट्टा घट्ट झालाय का? वाकून काम जमतं का? यातलं एकच असेल तर कारण दुसरंही असू शकतं. मधुमेह, बीपी किंवा पूर्वीचा हार्ट अटॅक असलेल्या माणसात दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या, तर ईसीजी, एनटी-प्रोबीएनपी आणि इको करून घ्यायला हवं. महापालिकेच्या केईएम, नायर, सायन या मोठ्या रुग्णालयांत इकोची सोय आहे.

इकोबद्दल एक इशारा. ‘पंपिंग ६० टक्के आहे, म्हणजे हृदय ठणठणीत’ असं धरू नका. पंपिंग ४० किंवा त्याहून कमी असेल तर स्नायू आकुंचन पावायला कमी पडतोय हे स्पष्ट असतं. पण ५० च्या वर असूनही हृदय ताठ झाल्यामुळे हार्ट फेल्युअर होतं, आणि बीपी, मधुमेह, वाढलेलं वजन असलेल्या वयस्क बायकांमध्ये हा प्रकार विशेष दिसतो. लक्षणं असताना नुसता टक्केवारीचा आकडा पाहून घरी पाठवलेल्या बायकांची मला फार काळजी वाटते.

आणि ‘वय झालं’ हे उत्तर ५७ व्या वर्षी तर नकोच. २०१३ साली केरळमध्ये त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत १,२०५ रुग्णांची नोंद झाली, त्यांचं सरासरी वय ६१ होतं. पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा आपले रुग्ण साधारण दहा वर्षांनी तरुण असतात.

उपचार आणि घर

काकू सहा दिवस रुग्णालयात होत्या. शिरेतून पाण्याचं औषध (जादा पाणी लघवीवाटे काढणारं), म्हणजे फ्युरोसेमाइडची इंजेक्शनं, थोडा ऑक्सिजन, रोज वजन. घरी जाताना काटा ६०.८ वर होता. अँजिओग्राफीत पुढची मोठी धमनी बंद आढळली. त्या भागातला बराच स्नायू आधीच व्रण होऊन गेला होता, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांनी औषधांवर भर द्यायचं ठरवलं.

पंपिंग कमी असलेल्या हार्ट फेल्युअरला आज चार प्रकारची औषधं एकत्र देतात : सॅक्युबिट्रिल-व्हलसार्टन किंवा त्याच्या जातीचं औषध, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, आणि मधुमेहासाठी आलेलं पण हृदयालाही उपयोगी ठरलेलं डापाग्लिफ्लोझिन. चारही लहान मात्रेत सुरू करून, बीपी, क्रिएटिनीन (मूत्रपिंडांचं काम सांगणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम पाहत वाढवायची. डापाग्लिफ्लोझिनची पेटंटमुक्त गोळी भारतात २०२० पासून मिळते, त्यामुळे ती आता आवाक्यात आहे. काकूंच्या शुगरच्या जुन्या गोळीत पायोग्लिटॅझोन होतं. तेही पाणी साठवतं आणि हार्ट फेल्युअरमध्ये चालत नाही, म्हणून बदललं. अ‍ॅम्लोडिपिनची आता गरज उरली नाही. डायक्लोफेनॅक बंद, गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम. लोह शिरेतून दिलं.

घरी वजनकाटा आणला. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर धापेची वाट न पाहता फोन करायचा. सूज डोळ्यांना दिसण्याच्या आधी काटा बोलतो. हे काम सुनेने अंगावर घेतलं आणि मनापासून केलं.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, तेही पूर्ण दिवसाच्या स्वयंपाकातलं धरून. लोणचं, पापड, फरसाण, खारवलेली मासळी, बेकरीचे पदार्थ आणि ते फ्रूट सॉल्ट यांत सोडियम असतं हे काकूंना पटवायला वेळ लागला. इथे एक धोका सांगायलाच हवा. ‘लो सोडियम’ म्हणून विकत मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना ते रक्तात घातक पातळीला जाऊ शकतं. रोजच्या नारळपाण्याचंही तेच. दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तसंच डापाग्लिफ्लोझिन चालू असताना कडक उपास करायचा असेल, उलट्या-जुलाब झाले असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ती गोळी काही दिवस थांबवावी लागते. संकष्टी, एकादशी पाळणाऱ्यांनी हे आधी विचारून ठेवावं.

घरच्यांना एक वेगळी सूचनाही दिली : बसल्या जागी धाप, आडवंच होता न येणं, गुलाबी फेसाळ थुंकी, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं किंवा अचानक बरळणं, यातलं काहीही झालं तर फोनवर सल्ला मागत बसायचं नाही, १०८ वर रुग्णवाहिका बोलवायची.

सहा महिन्यांनी

तीन महिन्यांच्या पूर्ण औषधांनंतर इको पुन्हा केला, पंपिंग ३९ टक्के. ते ३५ किंवा त्याखालीच राहिलं असतं तर ठोक्यांचा जीवघेणा गोंधळ थांबवणारं यंत्र छातीत बसवण्याचा विचार करावा लागला असता. तो तूर्त टळला. सहाव्या महिन्यात आकडा ४१ वर गेला. काकू एका उशीवर झोपतात, तीन मजले एकदा थांबून चढतात, पोळ्यांच्या थोड्या ऑर्डरी पुन्हा घेतल्या आहेत.

या भेटीत त्यांनी विचारलं, ‘डॉक्टर, आता बरं आहे, तर गोळ्या कमी करू या का?’ हा प्रश्न बहुतेक सगळे विचारतात. लंडनमध्ये याचा थेट अभ्यास झाला आहे. स्नायूच्या आजारामुळे पंपिंग उतरलेले आणि औषधांनी पूर्ण बरे दिसणारे ५१ रुग्ण त्यात होते. ज्यांची औषधं आधी काढून घेतली, त्यातल्या ४४ टक्क्यांचा आजार सहा महिन्यांत परतला. काकूंचा आजार जुन्या झटक्यातून आलेला, म्हणजे त्यांच्या हृदयात कायमचा व्रण आहे. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हे चार प्रकार चालूच राहतील. पाण्याची गोळी तेवढी वजन पाहून कमी करता येईल, आणि ती या महिन्यात अर्धी केली. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी दिल्या, पोटॅशियम-क्रिएटिनीनची पुढची तपासणी दोन आठवड्यांनी ठेवली. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंनाही बीपी आहे आणि त्यांनीही हल्ली खाली उतरणं कमी केलंय, असं सून निघताना म्हणाली. त्यांना येत्या सोमवारी ईसीजीसाठी घेऊन यायला सांगितलं आहे.